मनोऱ्याचे नियामक

संशयाला आपल्या समाजात फारसा मान नाही. श्रद्धेची स्तोत्रे रचली जातात, विश्वासाचे सत्कार होतात आणि संशयाला मात्र दुर्गुणांच्या पंक्तीत अगदी शेवटचा पाट मिळतो. वास्तविक आपल्या नैयायिकांनी ज्या सोळा पदार्थांच्या ज्ञानाने कल्याण होते असे मानले, त्यांत संशयाला तिसरे स्थान आहे. निर्णय येतो तो नववा. मधल्या प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क या पाच पायऱ्या माणसाने एकेक करून चढाव्यात, मग निर्णयाच्या ओसरीवर पाय ठेवावा, अशी ती व्यवस्था. संशय हा दोष नव्हेच. तिसऱ्या पायरीवरून थेट नवव्या पायरीवर उडी घेणे हा दोष. उपेंद्र निरगुडकर यांनी जन्मभर अखंड संशय घेतला आणि ती उडी एकदाच मारली. दुसऱ्यांदा मारण्याच्या बेतात ते होते, तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर होते आणि ते आयर्लंडमध्ये ल्यूकन येथे लेकीच्या घरी राहत होते.

अकोल्याच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षे गणित शिकवले. त्यांतली एकोणीस वर्षे ते दहावीच्या उत्तरपत्रिकांचे नियामक होते. परीक्षक मुलांचे पेपर तपासतो आणि नियामक परीक्षकाचे काम तपासतो. म्हणजे परीक्षकाने मुलांचा संशय घ्यावा आणि नियामकाने परीक्षकाचा. या कामासाठी विधात्याने त्यांना जणू बेतूनच घडवले होते. उत्तरपत्रिका हातात आली की ते आधी तिचा वास घेत, मग शाई उजेडात धरून पाहत, मग बेरीज खालून वर करत. कारण वरून खाली ती परीक्षकाने केलेली असते आणि त्याच वाटेने गेले तर त्याच खड्ड्यात पडतो, असे ते म्हणत.

पत्नीच्या निधनानंतर दोन वर्षे कागदपत्रे फिरली आणि ते रेवतीकडे, आपल्या एकुलत्या मुलीकडे, राहायला आले. रेवती चिप बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता, जावई इंद्रनील सॉफ्टवेअरमध्ये, आणि नात क्षितिजा शाळेच्या शेवटच्या वर्षात. देश बदलला तरी स्वभावाचे दप्तर त्यांच्या बरोबर आले होते. बसथांब्यावरची पाटी बस चार मिनिटांत येईल असे सांगे, तेव्हा हे मनगटावरच्या घड्याळात पाहत राहत आणि घरी येऊन वहीत लिहीत: ‘चार म्हणाली, अकरा लागली.’ टपालपेटी लाल नसून हिरवी, हेही त्यांना पसंत नव्हते. अशा रंगाच्या पेटीत टाकलेले पत्र पोचते याला प्रमाण काय, असा त्यांचा सवाल असे. मराठी मंडळात त्यांच्या माघारी त्यांना ‘शंकासुर’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते, आणि कोणी म्हणायला सुरुवात केली याचाही त्यांनी छडा लावला होता. तो जवळच्या ओंगार वस्तीतला जयेश होता, आणि दर शनिवारी यांना मोटारीतून वाचनालयात नेणाराही तोच होता.

शेजारी लिन कुटुंब राहत असे. त्या घरात एक आजी होत्या, वय पंचाहत्तरच्या आसपास, पूर्वी चीनमधल्या फूच्येन प्रांतात एका नदीकाठच्या गावी प्राथमिक शिक्षिका. उपेंद्रराव त्यांना लिनबाई म्हणत. त्यांची नात यालिंग ही क्षितिजाची वर्गमैत्रीण. दोन घरांच्या परसात कमरेइतकी भिंत. दोन म्हाताऱ्यांना एकमेकांच्या भाषेतला एकही शब्द येत नसल्यामुळे पाच वर्षांत त्यांचे बोलणे मान हलवण्यापलीकडे गेले नव्हते.

त्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उपेंद्ररावांना प्रिंटरच्या तबकात एक कागद सापडला. क्षितिजाच्या अंतिम परीक्षेचा क्रमांक, जन्मतारीख, घरचा पत्ता, आणि प्रत्येक पेपरचा वार व वेळ. मुलीने आपले वेळापत्रक छापून घ्यावे यात वावगे काही नाही. पण प्रिंटरच्या पडद्यावर प्रती दोन दिसत होत्या. त्याच दुपारी वरच्या खिडकीतून त्यांनी पाहिले: क्षितिजाने भिंतीवरून लिनबाईंच्या हातात एक लिफाफा दिला. बाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि तो स्वेटरच्या आत घातला.

वहीत नोंद झाली: ‘६ मे, दुपारी ४.१०. लिफाफा. स्वेटरच्या आत.’

पुढच्या दोन आठवड्यांत अशा सात नोंदी झाल्या. लिनबाईंकडे आणखी मुले येत होती. एक नायजेरियन मुलगी, एक पोलिश मुलगा, आणि एक लाल केसांचा आयरिश पोरगा, ज्याला लिनबाईंशी काही देणेघेणे असण्याचे कारणच नव्हते. प्रत्येकाच्या हातात कागद असे, जाताना हात रिकामे. एकदा लिनबाईंच्या काचेच्या दारातून आतले टेबल दिसले. त्यावर लाल कागदाच्या लांबट चिठ्ठ्या ओळीने मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर आकडे होते.

परीक्षेच्या जगात एकोणीस वर्षे काढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. परीक्षेआधी कोणी मुलांचे क्रमांक गोळा करू लागला की समजावे, पलीकडच्या टोकाला त्या क्रमांकांची वाट पाहणारा कोणीतरी बसला आहे.

त्यांनी आधी नातीला हटकले. ती स्वयंपाकघरात प्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या मुलांच्या भाषेत कपाटात, बिस्किटे शोधत होती. तिला मराठी पुरते कळे. उत्तर ती इंग्रजीतून देई, आणि मध्येच एखादा मराठी शब्द टाकी.

“तुझा परीक्षेचा नंबर कोणाकोणाला माहीत आहे?”

“मला. शाळेला. का?”

“आणखी?”

ती थांबली. तो थांबण्याचा क्षण त्यांनी मनात मोजला. “लिन आजीला दिलाय. लकसाठी. ती तो तिच्या गावच्या टॉवरला पाठवते. इट्स ग्रँड, आजोबा.”

“कोण असतं त्या टॉवरमध्ये?”

“असतो एक जण. तो नावावर खूण करतो, मग पास होतो आपण.” ती हसली. “आईला नको सांगू हं. तिला वाटेल अभ्यास सोडून हे चाललंय.”

बिस्किटाचा पुडा घेऊन ती जिना चढून गेली. उपेंद्रराव ओट्याला टेकून उभे राहिले. नावावर खूण करणारा एक जण. परदेशात. आणि आईला सांगायचे नाही.

शनिवारी वाचनालयाच्या वाटेवर त्यांनी जयेशपाशी विषय काढला. जयेशने गाडी ग्रिफीन नदीकाठच्या बागेपाशी उभी केली आणि त्यांच्याकडे वळून पाहिले.

“काका, तुम्ही मागच्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मोदकांचा संशय घेतला होतात.”

“एकवीस सांगून एकोणीस ठेवले होते.”

“दोन मी खाल्ले होते!”

“ते तेव्हाच कळलं होतं. नैवेद्याआधी तुझ्या मिशीला खोबरं होतं.”

जयेश हसता हसता गंभीर झाला. “बरं, समजा काहीतरी आहे. करणार काय?”

“परीक्षा कार्यालयाला पत्र लिहिणार. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांबद्दल लिहिली. आता घरातल्या मुलीची गोष्ट आली म्हणून लेखणी बोथट झाली, तर ती एकोणीस वर्षं खोटी.”

“आणि त्यांनी चौकशी होईपर्यंत क्षितिजाचा निकाल थांबवला तर? पोरीला फार्मसीला जायचंय. एका पत्रानं तिचं वर्ष जाईल. रेवती तुमच्याशी पुन्हा बोलेल असं वाटतं तुम्हाला?”

उपेंद्रराव बागेतल्या बदकांकडे पाहत राहिले, आणि बदकांचेही त्यांना काही खरे वाटेना.

पत्र त्यांनी रविवारी लिहिले. इंग्रजी स्वच्छ, अक्षर मोत्यासारखे, परिच्छेदांना क्रमांक. लिफाफा चिकटवून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. सोमवारी सकाळी ते हिरव्या पेटीपर्यंत गेले, पत्र खिशातून निम्मे बाहेर काढले, आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

हात अडला तो एका जुन्या उत्तरपत्रिकेमुळे. नियामकपदाच्या दुसऱ्याच वर्षी एका मुलीच्या पेपरावर सर्वांत वर, समासाच्या कडेला, बारीक अक्षरात ‘ॐ’ लिहिलेला त्यांना आढळला होता. उत्तरपत्रिकेवर देवाचे नाव किंवा कोणतीही खूण करायची नाही, कारण खुणेवरून परीक्षक उमेदवार ओळखू शकतो, हा नियम. उपेंद्ररावांनी त्याच क्षणी अहवाल लिहिला. मुलीला कोणी विचारावे असे सुचवलेसुद्धा नाही. तिचा निकाल रोखला गेला, आणि परीक्षा मंडळाच्या कार्यालयात खेपा घालणारी ती मुलगी त्यांनी दुरून पाहिली होती. पुढे ती मुलगी अकोल्यातच एका दुकानात काम करताना भेटली. त्यांना तिने ओळखले नाही. त्यांनी मागितलेल्या वस्तूंची यादी करायला तिने कागद ओढला आणि आधी वर ‘ॐ’ काढला, मग ‘साबण’ लिहिले. ती कागदाला कागद लागला की तसेच करत होती. त्या दिवशी उपेंद्रराव साबण न घेताच घरी आले. तेव्हापासून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: ज्याचा संशय आला, त्याला समोर बसवून विचारल्यावाचून एक ओळ लिहायची नाही.

लिनबाईंना त्यांनी विचारले नव्हते. पत्र पुन्हा आतल्या खिशात गेले.

दुपारी तीन वाजता त्यांनी शेजारची घंटा वाजवली. शाळा संपून अभ्यासाची सुट्टी लागली होती. दार यालिंगने उघडले.

“तुझ्या आजीला भेटायला आलो आहे,” ते इंग्रजीत म्हणाले. “काही प्रश्न विचारायचे आहेत.”

“बरं झालं,” यालिंग म्हणाली. “आजीलाही तुम्हाला विचारायचे आहेत. कधीपासून.”

लिनबाई टेबलाशी बसल्या होत्या. पाहुणे दिसताच त्यांनी चिठ्ठ्यांवर एक टॉवेल पसरला. उपेंद्ररावांनी ते टिपले. बाईंनी गरम पाण्यात पाने टाकलेला चहा पुढे केला. दूध नाही, साखर नाही. तोही त्यांनी वास घेऊन पाहिला. बाई त्यांच्याकडे एकटक पाहत होत्या. मग त्या काहीतरी तुटक बोलल्या आणि यालिंगने भाषांतर केले.

“आजी विचारते, तुम्ही वरच्या खिडकीत बसून वहीत काय लिहिता?”

एकोणीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते गडबडले. “मी... निरीक्षण करतो.”

“आजीला वाटतं, तुम्ही तिचे नंबर उतरवून घेता. तुमच्या देवाकडे पाठवायला.”

“मी?”

“तिचं म्हणणं, एकाच मुलासाठी दोन ऑफिसांत अर्ज गेला की घोळ होतो. म्हणून ती लिफाफे लपवते. तुमच्यापासून.” यालिंगला हसू आवरेना. “सॉरी. ती तुम्हाला ‘खिडकीतला माणूस’ म्हणते.”

आपलाही कोणी संशय घेऊ शकतो, हे ज्ञान उपेंद्ररावांना एकाहत्तराव्या वर्षी झाले. त्यांनी चहाचा एक घोट घेतला. तो बरा होता. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी आपला प्रश्न मांडला: क्रमांक कशासाठी, आणि ते जातात कोणाकडे?

लिनबाई उठल्या आणि भिंतीवरचे छायाचित्र काढून त्यांनी टेबलावर ठेवले. नदीच्या वळणावर तीन मजली लाकडी मनोरा, छपराची टोके वर वळलेली. गावातले लोक तो चारशे वर्षांचा आहे असे सांगतात. राज्याच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थी तिथे चढून जात, सर्वांत वरच्या खोलीतल्या देवापुढे वाकत आणि मग राजधानीची वाट धरत. त्या देवाची वीतभर लाकडी मूर्ती बाईंच्या फडताळात होती. रूप भयंकर. एक पाय कासवाच्या मस्तकावर, दुसरा मागे उचललेला, आणि उजव्या हातात उगारलेला कुंचला.

“हा करतो काय?”

“उत्तीर्णांची यादी शेवटी याच्याकडे येते. ज्याच्या नावावर तो कुंचला टेकवतो, तो पास.”

“म्हणजे सगळ्यांनी तपासल्यावर हा तपासतो?”

“हो.”

उपेंद्रराव खुर्चीत ताठ बसले. “नियामक,” ते स्वतःशीच मराठीत पुटपुटले.

“तो स्वतः परीक्षेत पहिला आला होता,” यालिंग पुढे सांगत होती. “पण दिसायला असा. सम्राटानं चेहरा पाहिला आणि हाकलून दिलं.”

“चेहरा पाहिला? मग तिथेच चुकलं! परीक्षकाला उमेदवार दिसताच कामा नये.”

हे भाषांतर ऐकताच लिनबाईंनी टेबलावर थाप मारली. चहा हिंदकळला. त्या भराभर बोलू लागल्या, आणि यालिंगची तारांबळ उडाली. बाईंच्या वडिलांनी त्यांना सांगितले होते: पुढे त्या देशात उत्तरपत्रिकेवरच्या नावावर कागद चिकटवू लागले. तेवढ्यानेही भागेना, कारण अक्षरावरून माणूस ओळखतात. मग शेकडो लेखनिक बसवून प्रत्येक उत्तरपत्रिका पुन्हा लिहून काढत. उमेदवार काळ्या शाईत लिही, लेखनिक लाल शाईत उतरवी, आणि परीक्षकापुढे फक्त लाल प्रत जाई.

“सगळ्या?” उपेंद्रराव पुढे वाकले. “प्रत्येक उत्तरपत्रिका?”

“प्रत्येक.”

“आणि ती उतरवलेली प्रत मुळाशी ताडून पाहायला कोणी असे?”

“आजी म्हणते, त्यासाठी वेगळी माणसं असत.”

उपेंद्ररावांनी डोळे मिटून घेतले. तीर्थक्षेत्री पोचलेल्या माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा झाला होता. इतका परिपूर्ण, इतका निर्मळ, इतका व्यवस्थित संशय पृथ्वीच्या पाठीवर एके काळी नांदत होता, आणि आपल्याला त्याची वार्ताही नव्हती.

लिनबाईंचा स्वर आता उतरला होता. यालिंगही हळू बोलू लागली. “आजी म्हणते, माणसाला नाव कळू नये म्हणून एवढा बंदोबस्त. मग पोरानं आपलं नाव सांगायचं कोणाला? म्हणून मनोऱ्यावर जायचं. नाव, गाव, घर, तारीख, नंबर, सगळं नीट सांगायचं. नाहीतर त्याच नावाच्या दुसऱ्याच पोरावर कुंचला टेकतो. चिठ्ठ्या ती पुतण्याकडे टपालानं पाठवते. तो वर जाऊन बांधतो. एवढंच.”

टॉवेल बाजूला झाला. सात चिठ्ठ्या. उपेंद्ररावांनी खिशातून भिंग काढले; सवय ती सवय. पहिली वाचली, दुसरी वाचली. चौथी क्षितिजाची होती. तिच्यावर भिंग थबकले.

“हा नंबर चुकला आहे.”

यालिंगने पाहिले. “आजीनं तुमच्याच कागदावरून घेतलाय.”

“शेवटी अठ्ठेचाळीस हवेत. इथे चौऱ्याऐंशी आहेत. मूळ कागद काढ.”

मूळ कागद निघाला. अठ्ठेचाळीस. लिनबाईंनी आपल्या चष्म्यातून पाहिले, मग उपेंद्ररावांचे भिंग घेऊन पाहिले, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या तीन आठवडे रोज सकाळी त्या चिठ्ठीपुढे उदबत्ती लावत होत्या.

“तीन आठवडे!” उपेंद्रराव उठून उभे राहिले. देवावर त्यांचा विश्वास नव्हता, नोंदीवर होता. “परीक्षेला दहा दिवस उरले. एकवीस दिवसांची प्रार्थना भलत्याच उमेदवाराच्या खात्यावर गेली! प्रतीची पडताळणी कोण करतं इथे?”

“कोणीच नाही,” यालिंग म्हणाली.

“कोणीच नाही!”

लिनबाईंनी कोरी लाल चिठ्ठी, शाई आणि कुंचला त्यांच्यापुढे सरकवला. उपेंद्ररावांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. आतल्या खिशातले पत्र कुरकुरले. त्यांनी ते बाहेर काढले, टेबलाच्या कडेला ठेवले, आणि कुंचला जड हाताने उचलून एकेक आकडा कोरल्यासारखा लिहिला. मग उरलेल्या सहा चिठ्ठ्या मूळ कागदांशी ताडल्या, खालून वर. प्रत्येकीच्या पाठीमागे ‘पडताळले’ असे लिहून सही केली. चुकीची चिठ्ठी फाडायला त्यांनी हात घातला, तो लिनबाईंनी धरला.

“आजी म्हणते, असू दे ती. तो नंबर कोणाचा तरी असेलच. कॉर्कमध्ये, मेयोमध्ये, कुठेतरी. त्या पोराला अर्ध्यावर कसं सोडायचं?”

उपेंद्ररावांनी त्या चिठ्ठीवरचे क्षितिजाचे नाव आणि पत्ता खोडला, क्रमांक तेवढा ठेवला आणि तिच्यामागेही सही केली.

घरी येऊन त्यांनी न पाठवलेल्या लिफाफ्यावर लिहिले, ‘पडताळणी पूर्ण. दखल घेण्याचे कारण नाही,’ आणि तो आपल्या फाइलीत लावला. क्षितिजाला त्यांनी एवढेच सांगितले, “तुझा नंबर आता बरोबर आहे.” तिला अर्थ कळला नाही, ती म्हणाली, “थँक्स, आजोबा,” आणि पुस्तक उघडले.

त्यांचा स्वभाव बदलला असे मात्र कोणी समजू नये. पुतण्या चिठ्ठ्या खरोखर बांधतो कशावरून, असे विचारून त्यांनी मनोऱ्याचे छायाचित्र मागवले. ते आले, तेव्हा भिंगाने मोजल्यावर आठऐवजी सातच चिठ्ठ्या भरल्या. दुसरे छायाचित्र मागवावे लागले; आठवी खांबाच्या मागे होती. ऑगस्टमध्ये निकाल लागला आणि क्षितिजाला फार्मसीला पुरतील इतके गुण मिळाले, तरी त्यांनी तिला गणिताची तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला लावली आणि स्वतः शेजारी बसून बेरीज केली. बेरीज बरोबर होती. क्षणभर त्यांना किंचित वाईट वाटल्यासारखे रेवतीला दिसले.

त्यानंतर दर मे महिन्यात दुपारी तीन वाजता ते लिनबाईंच्या टेबलाशी बसत. मूळ चिठ्ठी मनोऱ्याला, दुसरी प्रत दप्तरी, ही शिस्त त्यांनीच पहिल्या वर्षी लावली. चहाचा वास घेणे त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही, आणि त्यांच्या भिंगाने पुन्हा एकदा चिठ्ठ्या पाहून घेणे लिनबाईंनीही सोडले नाही. तिसऱ्या मे महिन्यानंतरच्या फेब्रुवारीत उपेंद्रराव टॅलाच्या रुग्णालयात वारले. मनगटावर बांधलेल्या पट्टीवरचा क्रमांक त्यांनी आदल्या दिवशी रेवतीकडून दोनदा वाचून घेतला होता.

लिनबाईंच्या खणात आज तीस लाल चिठ्ठ्या आहेत. प्रत्येकीच्या मागे ‘पडताळले’ असे लिहून खाली ‘उ. नि.’ अशी सही आहे. एकतिसाव्या चिठ्ठीवर शेवटी चौऱ्याऐंशी असलेला फक्त एक क्रमांक आहे, नाव नाही. तिच्यामागेही सही आहे.